लिमिटिंग रिएजंट: आधी काय संपणार, आणि ते ठरवतं कोण?

मृगनक्षत्र
शनिवार, रात्री ९.१२

मंडळी, लेक यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. नववीत 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात मोल होऊन गेला होता, पण तेव्हा व्याख्या पाठ करून निभावलं. आता पहिल्याच धड्यात लिमिटिंग रिएजंट (म्हणजे जो आधी संपतो आणि अभिक्रिया थांबवतो तो पदार्थ) आलाय आणि दोन दिवस घरात फक्त कॅल्क्युलेटरचा आवाज आहे. मी कॉमर्सवाली, त्यामुळे माझा उपयोग चहा करण्यापुरता.

गणित असं: १०० ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि ५० ग्रॅम अ‍ॅल्युमिनिअम एकत्र पेटवलं तर लोखंड किती मिळेल? समीकरण पुस्तकात दिलंय:

फेरिक ऑक्साइड + २ अ‍ॅल्युमिनिअम → अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइड + २ लोखंड

तिचं म्हणणं, अ‍ॅल्युमिनिअम निम्मंच आहे आणि वर ते दुप्पट लागतं, म्हणजे तेच आधी संपणार. त्यावरून तिचं उत्तर येतं १०३.७ ग्रॅम. मागे छापलंय ७० ग्रॅम. क्लासच्या सरांनी "मोलमध्ये काढ" एवढंच सांगितलं. तिने मोलमध्येच काढलंय म्हणते. कुणी नीट समजावेल का?

चिकूवाडी
शनिवार, रात्री ९.२०

सोप्पंय. दहा वडे आणि सात पाव असतील तर वडापाव सातच होणार. पाव लिमिटिंग. उरलेले तीन वडे मी खाणार. धागा संपला.

मृगनक्षत्र
शनिवार, रात्री ९.२४

चिकूभाऊ, वडापाव झाला हो पहिल्याच दिवशी. तो तिला कळतो. ग्रॅम आले की अडतं.

अश्विनी_क
शनिवार, रात्री ९.४१

कारण वडे मोजून देतात आणि रसायनं वजनावर. "दोन किलो वडे आणि एक किलो पाव, किती वडापाव होतील?" असं विचारलं तर चिकूवाडीसुद्धा आधी एका वड्याचं वजन विचारतील. मोलचं काम तेवढंच आहे, वजनावरून नग काढणं.

पण ताई, तिला मोलच्याही आधी एक गोष्ट बघायला सांगा. १०० ग्रॅम फेरिक ऑक्साइडमध्ये लोखंड आणि ऑक्सिजन दोन्ही आहेत. त्यातून १०३.७ ग्रॅम लोखंड निघेल कसं? आख्ख्या ऑक्साइडचं वजनच १०० आहे. उत्तर आल्यावर एवढं पाहिलं असतं तर मागचं पान उलटायची गरज नव्हती.

जुनाखडू
शनिवार, रात्री १०.३०

अश्विनीताईंनी मर्मावर बोट ठेवलंय. मी अकरावी-बारावीला हा धडा वर्षानुवर्षं शिकवला. दहातली आठ मुलं याच जागी अडखळतात, त्यामुळे मुलीला रागावू नका. तिने मोलमध्ये काढलं हे खरं असणार, पण कुठला पदार्थ धरायचा हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. ठरवलं कशावरून, तर वजनावरून.

आता सावकाश करू. फेरिक ऑक्साइडचं रेणुवस्तुमान १६०, अ‍ॅल्युमिनिअमचं अणुवस्तुमान २७, लोखंडाचं ५६.

फेरिक ऑक्साइड: १०० भागिले १६० = ०.६२५ मोल
अ‍ॅल्युमिनिअम: ५० भागिले २७ = १.८५२ मोल

इथेच चित्र उलटं झालं बघा. वजनाने निम्मं असलेलं अ‍ॅल्युमिनिअम मोलमध्ये जवळजवळ तिप्पट आहे, कारण त्याचा अणू हलका.

आता समीकरण म्हणजे एक फेरी समजा. एका फेरीला ऑक्साइडचा १ मोल आणि अ‍ॅल्युमिनिअमचे २ मोल खर्च होतात. ऑक्साइड किती फेऱ्या पुरेल? ०.६२५. अ‍ॅल्युमिनिअम? १.८५२ भागिले २ = ०.९२६. कमी फेऱ्या कुणाच्या? ऑक्साइडच्या. तो लिमिटिंग. यापुढे सगळा हिशोब ०.६२५ फेऱ्यांचा:

लोखंड: ०.६२५ × २ × ५६ = ७० ग्रॅम
अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइड: ०.६२५ × १०२ = ६३.७५ ग्रॅम
खर्च झालेलं अ‍ॅल्युमिनिअम: ०.६२५ × २ × २७ = ३३.७५ ग्रॅम, म्हणजे उरलं १६.२५ ग्रॅम

आणि शेवटचं काम, जे परीक्षेत कुणी करत नाही: ७० + ६३.७५ + १६.२५ = १५०. टाकलं होतं १५०. द्रव्य अक्षय्यतेचा नियम हा फुकटचा पडताळा आहे, तो वापरायला तिला सांगा.

मृगनक्षत्र
शनिवार, रात्री ११.०५

सर, दंडवत. 'फेऱ्या' म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. आता तिचा प्रश्न: "सहगुणकाने, म्हणजे समीकरणात पदार्थाच्या आधी असलेल्या आकड्याने, भागायचं की गुणायचं हे मी दर वेळी विसरते, ते आता पाठ करायची गरज नाही ना?"

जुनाखडू
रविवार, सकाळी ७.१५

नाही. "हा साठा किती फेऱ्या पुरेल?" असा प्रश्न विचारला की भागाकारच सुचतो.

आणि एक काम सांगतो, आज रविवार आहे. चार सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत १०० मिली व्हिनेगर, बाजारात मिळणारं साधं. चार फुग्यांत अनुक्रमे २, ४, ६ आणि ८ ग्रॅम खायचा सोडा भरा. सोडाच घ्या, बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं. फुगे बाटल्यांच्या तोंडावर चढवा आणि एकदम उलटे करा. कुठले फुगे किती मोठे होतील हे तिने आधी कागदावर लिहायचं, मग करायचं. व्हिनेगरच्या लेबलवर अ‍ॅसेटिक आम्लाचा टक्का असतो, बहुधा ४. आम्लाचं रेणुवस्तुमान ६०, सोड्याचं ८४, प्रमाण एकास एक. बाकी मी सांगणार नाही.

रुळावरचा
रविवार, सकाळी ९.५०

हे ऑक्साइड-अ‍ॅल्युमिनिअमचं गणित वाचून राहवलं नाही. आम्ही जन्मभर हेच केलं. रुळांचे सांधे जोडायचं एटी (अ‍ॅल्युमिनो-थर्मिक) वेल्डिंग म्हणजे हीच अभिक्रिया. गोल्डश्मिट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९५ साली पेटंट घेतलं आणि १८९९ मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ याने जोडले गेले. आजही गँग हेच करते.

दोन रुळांच्या टोकांमध्ये ठरावीक फट ठेवायची, भोवती साचा बसवायचा, टोकं तापवायची. वर मुशीत मिश्रण, म्हणजे आम्ही ज्याला पोर्शन म्हणतो ते. फुलबाजीने पेटवलं की काही सेकंदांत सगळं वितळतं. जड लोखंड तळाला, हलकी मळी वर, खालून भोक उघडलं की आधी लोखंड साच्यात उतरतं.

आता मुद्द्याचं. पोर्शन पिशवीतून तयार येतं, ५२ किलोच्या रुळाचं वेगळं, ६० किलोच्या रुळाचं वेगळं. (६० किलो म्हणजे एका मीटरचं वजन.) एका सांध्याला एक पिशवी. पिशवी फुटली, ओली झाली की बाद. अर्धी इकडे अर्धी तिकडे हा प्रकार नाही. नवीन पोरं विचारायची, थोडं कमी पडलं तर काय होतं? कमी पडल्याने फक्त भरणा कमी होत नाही ना. अ‍ॅल्युमिनिअम जास्त झालं तर ते पोलादात उतरतं आणि सांधा ठिसूळ होतो. ऑक्साइड जास्त झालं तर ऑक्सिजन आत राहतो आणि सांध्यात पोकळ्या. त्यावरून गाडी जाणार आहे! म्हणून प्रमाण कारखान्यातच पक्कं करतात. शिवाय पिशवीत लोखंडाचे बारीक तुकडे आणि मँगनीजसारख्या मिश्रधातूंचा भागही असतो. नुसतं ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिनिअम पेटवलं तर उष्णता आवरत नाही आणि निघतं ते मऊ लोखंड, रुळाचं पोलाद नव्हे.

तेव्हा पोरीला सांगा, तिच्या गणितात उरलेलं १६ ग्रॅम अ‍ॅल्युमिनिअम "उरलं" म्हणून बाजूला पडत नाही, ते त्या ७० ग्रॅम लोखंडात जाऊन बसतं.

चिकूवाडी
रविवार, सकाळी १०.०२

रुळावरचा काका, वाखूसा (वाचनखूण साठवली). यावर स्वतंत्र धागा काढाच. तिथे वडे आणणार नाही.

तारापूरकर
रविवार, दुपारी १२.४०

रुळावरचा यांच्या अनुभवाला जोडून माझे चार आणे. मी एमआयडीसीत औषधांचे कच्चे माल करणाऱ्या प्लँटवर आहे. पुस्तकात प्रश्न असतो "लिमिटिंग कोण?" आमच्याकडे प्रश्न असतो "लिमिटिंग कुणाला करायचं?" अकरावीत कुणी हे सांगत नाही आणि मग इंजिनिअर झालेला मुलगासुद्धा पहिली बॅच शीट बघून विचारतो, "सर, हे १.२ इक्विव्हॅलंट, म्हणजे लागतं त्याच्या १.२ पट, का घेतलंय? समीकरणात तर एकास एक आहे."

कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं अ‍ॅस्पिरिन घ्या. सॅलिसिलिक आम्ल २ ग्रॅम, अ‍ॅसेटिक अनहायड्राइड ५ मिली. प्रमाण एकास एक. सॅलिसिलिक २ भागिले १३८ म्हणजे ०.०१४५ मोल. अनहायड्राइडचं ५ मिलीचं वजन ५.४ ग्रॅम, भागिले १०२ म्हणजे ०.०५३ मोल. साडेतीनपट! चूक नाही, मुद्दाम आहे. अनहायड्राइड उरलं तर शेवटी पाणी घातलं की त्याचं अ‍ॅसेटिक आम्ल होऊन गाळताना निघून जातं. सॅलिसिलिक उरलं तर ते अ‍ॅस्पिरिनबरोबरच स्फटिक होऊन बसतं आणि वेगळं करताना नाकी नऊ येतात. म्हणून सॅलिसिलिक संपवायचं.

जास्तीत जास्त मिळेल २ × १८० भागिले १३८ = २.६१ ग्रॅम. हातात आलं २.१, तर यील्ड ८० टक्के. यील्ड नेहमी लिमिटिंगवर काढायची. एकाने व्हायव्हात अनहायड्राइडवर काढून २२ टक्के सांगितली होती आणि वर "सर, प्रयोग फसला" म्हणाला. प्रयोग उत्तम झाला होता!

प्लँटवर मात्र साडेतीनपट परवडत नाही. जास्तीचं जे जाईल त्याचे पैसे दोनदा लागतात, एकदा विकत घेताना आणि एकदा सांडपाणी शुद्ध करताना. म्हणून १.०५, १.१, १.२ असं घासाघीस करून ठरतं. साधारण महाग असेल ते संपवायचं, स्वस्त असेल ते उरवायचं. पण विषारी किंवा धुऊन न निघणारं काही असेल तर ते स्वस्त असलं तरी उरू द्यायचं नाही.

नुसताच_वाचक
रविवार, दुपारी १.१५

चांगला धागा. एक शंका. लिमिटिंग "पूर्ण संपतो" असं सगळे गृहीत धरताय. मी सीईटीची तयारी करतोय, अमोनियाचं गणित नेहमी येतं (नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया). १४० ग्रॅम नायट्रोजन, २० ग्रॅम हायड्रोजन. ५ मोल आणि १० मोल. फेऱ्या ५ आणि ३.३३. हायड्रोजन लिमिटिंग, अमोनिया ११३.३ ग्रॅम, नायट्रोजन ४६.७ ग्रॅम उरला, बेरीज १६० जुळली. पण पुढच्या धड्यात रासायनिक समतोल आहे आणि तिथे तर म्हणतात की ही अभिक्रिया पूर्ण होतच नाही. मग ११३.३ कुठून येणार?

तारापूरकर
रविवार, दुपारी १.५०

येत नाही. ११३.३ ही वरची मर्यादा, त्यापलीकडे जाता येणार नाही एवढाच तिचा अर्थ. लोखंडाचं उत्प्रेरक असलेल्या भांड्यातून वायू एकदा गेला की त्यातला साधारण १५ ते २० टक्केच अमोनिया होतो. मग तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन-हायड्रोजन पुन्हा आत सोडतात. असा फिरवत राहिल्यावर एकूण हिशोब समीकरणाच्या जवळ जातो. अलिबागजवळ थळला खत कारखाना आहे, तिथलं अमोनियाचं तंत्र हेच.

आणि म्हणून तिथे नायट्रोजन-हायड्रोजन जवळपास १:३ च ठेवतात. फिरत्या चक्रात एखादा जास्त सोडला तर तो उरत उरत साचत जातो. पुढे त्याच अमोनियापासून युरिया करताना मात्र उलट: समीकरणात एका कार्बन डायऑक्साइडला दोन अमोनिया, प्रत्यक्षात तिनाच्या आसपास सोडतात. अमोनिया जास्त असला की कार्बन डायऑक्साइड युरियाकडे जास्त वळतो आणि उरलेला अमोनिया परत घेता येतो.

तुमच्या सीईटीत "पूर्ण अभिक्रिया झाली असे समजा" हे वाक्य छापलेलं नसलं तरी असतंच. ११३.३ वर टिक करा.

अश्विनी_क
रविवार, दुपारी ४.३०

उद्योगाचं झालं, आता घरातलं. दर हिवाळ्यात बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या येतात आणि लोक "गॅस लीक झाला असेल" म्हणतात. बहुतेक वेळा गॅस लीक झालेला नसतो. ऑक्सिजन लिमिटिंग झालेला असतो.

हिशोब करा. स्वयंपाकाच्या गॅसमधल्या प्रोपेनच्या ४४ ग्रॅमला १६० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, ब्यूटेनच्या ५८ ग्रॅमला २०८. म्हणजे एक किलो गॅसला ३.६ किलो ऑक्सिजन. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळायला ५१ किलो ऑक्सिजन, म्हणजे जवळजवळ २२० किलो हवा. स्वयंपाकघरात खिडकी असते म्हणून हे आपल्याला कधी जाणवत नाही, तिथे संपतो तो गॅसच.

आता चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम. त्यातली हवा साडेसहा किलोच्या आत, तिच्यात ऑक्सिजन दीड किलो. छोटा गीझर तासाला ढोबळ मानाने पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. दार-खिडकी बंद, दहा मिनिटं आंघोळ: दीडशे ग्रॅम गॅस, ५४० ग्रॅम ऑक्सिजन. खोलीतला तिसरा हिस्सा गेला.

चिकूवाडी
रविवार, दुपारी ४.४४

पण मग ज्योत विझायला हवी ना? पुस्तकाप्रमाणे लिमिटिंग संपला, अभिक्रिया थांबली.

अश्विनी_क
रविवार, दुपारी ५.०५

तिथेच घात आहे. ऑक्सिजन पूर्ण संपायच्या खूप आधी अभिक्रियाच बदलते. पुरेसा ऑक्सिजन असेल तर कार्बन डायऑक्साइड, अपुरा असेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी. पुस्तकातल्या गणितात एकच समीकरण असतं, त्यामुळे कमी पडलं की उत्पादन कमी एवढंच घडतं. प्रत्यक्षात कमी पडलं की दुसरंच उत्पादन तयार होतं. ज्योत पिवळी पडणं, भांडी काळी होणं ही त्याचीच खूण. मोनॉक्साइडला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. चक्कर येते तेव्हा दार उघडायचं भान राहत नाही.

गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. आत फक्त नळ. यात तडजोड नाही.

रुळावरचा
रविवार, दुपारी ५.२०

+१००. आमच्या इमारतीत सभा घेऊन सगळे बाहेर काढायला लावले. कुरकुर झाली, होऊ दिली.

बांधावरून
रविवार, सायंकाळी ६.१०

शेतीतही हेच शिकवलं होतं. लीबिगचा किमान घटकाचा नियम, आधी श्प्रेंगेलने मांडलेला आणि लीबिगने १८४० च्या सुमारास गाजवलेला. नत्र कितीही टाका, जमिनीत जस्त नसेल तर पीक जस्ताच्या मापाने येणार. आमच्याकडे युरियाच्या गोण्यांवर गोण्या पडतात आणि मातीपरीक्षण कुणी करत नाही.

जुनाखडू
रविवार, सायंकाळी ६.४०

उदाहरण चांगलं, पण मुलीला परीक्षेआधी सांगू नका. पिकाला ठरलेलं समीकरण नसतं. एक घटक कमी असताना दुसरा वाढवला तर थोडा फायदा होतोही. रसायनात अ‍ॅल्युमिनिअम दुप्पट केलं तरी लोखंड ७० चं ७१ होणार नाही.

बाकी युरियाबद्दल सहमत. आणि गंमत म्हणजे वजनाच्या प्रमाणाचं हे शास्त्र रिश्टरने १७९२ मध्ये मांडायला घेतलं, तेव्हा डाल्टनचा अणुसिद्धांत आलेलाही नव्हता. अमुक आम्लाला तमुक अल्कली किती लागतं याची मापं तो नुसत्या तराजूवर काढत होता. मोल नव्हता, तरी प्रमाण होतं. मुलांना मोल जड जातो तेव्हा मी हे सांगतो.

मृगनक्षत्र
रविवार, रात्री ८.३५

बाथरूमचं वाचून नवऱ्याने आत्ताच गीझरवाल्याला फोन केलाय, आधी ते सांगते.

आता फुगे. व्हिनेगर ४ टक्क्यांचंच निघालं. तिने आधी कागदावर लिहिलं: १०० मिलीत ४ ग्रॅम आम्ल, भागिले ६० म्हणजे ०.०६७ मोल, त्याला सोडा ५.६ ग्रॅम पुरे. म्हणून पहिला फुगा लहान, दुसरा मोठा, तिसरा आणि चौथा सारखे. आणि तसंच झालं! धाकट्याची पैज चौथ्या फुग्यावर होती, तो हरला आणि रुसून बसलाय.

एकच अडलंय. चौथ्या बाटलीत सोडा उरायला हवा, ८ वजा ५.६ म्हणजे २.४ ग्रॅम. पण तळाशी काहीच दिसत नाही, पाणी स्वच्छ आहे. धाकटा म्हणतो, उरलाच नाही, ताईचं गणित चुकलं.

जुनाखडू
रविवार, रात्री ९.००

उरलाय, विरघळलाय. १०० मिली पाण्यात ८-९ ग्रॅम सोडा सहज विरघळतो, २.४ ग्रॅम कुठे दिसणार? फुगे काढून घ्या आणि चौथ्या बाटलीत लिंबू पिळा. फसफसलं तर सोडा आहे. मग दुसऱ्या बाटलीत पिळा. तिथे सोडा संपून आम्ल उरलंय, त्यामुळे लिंबाने काही होणार नाही, तिथे चिमूटभर सोडा टाकायला लागेल. लिंबू धाकट्याच्या हातात द्या.

मृगनक्षत्र
रविवार, रात्री ९.२२

चौथी ओट्यावर उतू गेली. दुसरी ढिम्म, सोडा टाकल्यावर उसळली. धाकट्याला आता तिसऱ्या बाटलीत दोन्ही टाकून बघायचंय.

जुनाखडू
रविवार, रात्री ९.३०

टाकू द्या, पण आधी सांगायला लावा. तिसरीत ०.४ ग्रॅम सोडा उरलाय, त्यामुळे लिंबाने थोडंसंच फसफसेल, तेही वजन नीट केलं असेल तर. तुमचा काटा एक ग्रॅमचा असेल तर तिथे दोन्हीपैकी काहीही घडू शकतं.